सरकारी चुन्याचे पांडव

माळखडकीला जंगल नव्हतं, जंगलात खातं होतं; सरकारी उर्दूत वनखात्याला तेच नाव होतं. सास्तूरपासून तीन कोसांवर असलेल्या या गावाच्या उत्तरेला एक मोठा माळ पसरलेला होता. त्यावर कुसळी गवत, तरवडाची झुडपं आणि सदतीस बाभळी. हा आकडा खात्रीचा आहे, कारण उत्तरेश्वर त्या रोज सकाळी मोजत असे. निजाम सरकारच्या नकाशात मात्र हा माळ गर्द हिरव्या रंगानं रंगवलेला होता. उन्हाळ्यात गावातली गुरं माळाऐवजी नकाशावर चरायला सोडली असती, तर निदान त्यांची नजर तरी निवली असती.

उत्तरेश्वर जंगलात खात्याचा चौकीदार होता, पण हंगामी. हंगामी म्हणजे कधीही काढून टाकता येईल असा. तो अकरा वर्षं हंगामी होता. गावाचे पाटील हिंमतराव त्याला नावानं हाक मारत नसत.

"काय रं हंगामी, बाभळी किती भरल्या आज?"

"सदतीस, पाटील."

"आन् काल?"

"सदतीसच."

"मग रोज उठून मोजतोस कशाला?"

"कमी झाल्यावर मोजून काय उपयोग?"

यावर चावडीतली माणसं हसत. उत्तरेश्वर हसत नसे. ज्या प्रश्नाला सरळ उत्तर असतं त्यात हसण्यासारखं काय, हे त्याला कधी कळलं नाही.

उर्दू त्याला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे कळायचे. खात्याच्या नियमांचं पुस्तक त्यानं शाळेच्या मास्तरांकडून तीन जुम्म्यांच्या सुट्ट्यांत वाचून घेतलं आणि पाठ केलं. चंदनाचं झाड तुमच्या शेतात उगवलं, तर शेत तुमचं, झाड सरकारचं आणि राखण तुमची. नांगरासाठी बाभळ हवी असेल तर अर्ज करा. अर्ज मंजूर होऊन यायचा तेव्हा नांगरट उरकलेली असे, आणि तो कागद पुढच्या साली चालत नसे. ओढ्याच्या काठापासून दहा हात औत धरायचं नाही. राखीव माळाच्या हद्दीत नांगर नाही, कुऱ्हाड नाही, जनावर नाही. आणि सगळ्यांत शेवटचं कलम, जे उत्तरेश्वरला फार आवडे: हद्दीचा दगड जिथं, तिथं सरकारची हद्द.

अडचण इतकीच होती की माळखडकीला हद्द होती, दगड नव्हते. आपलं रान कुठं संपतं आणि सरकारचा माळ कुठं सुरू होतो, हे पाटील बैलांच्या मर्जीवर सोडत. "बैल वळवायला जागा लागती रं," असं म्हणून दर साली नांगराचे दोन तास, म्हणजे दोन सऱ्या, माळात घेतले जात. त्यात लढाईचे दिवस आले. माल, म्हणजे महसूल खात्याचा हुकूम आला, की पडीक जमीन दिसेल ती नांगरा, धान्य वाढवा. महिन्याभरात जंगलात खात्याचा हुकूम आला, की राखीव जमिनीला नांगर लावाल तर खबरदार. दोन्ही कागदांवर एकच मोहर होती आणि दोन्ही एकाच घोडेस्वारानं आणून दिले होते. पाटलांनी पहिला हुकूम राजनिष्ठेनं पाळला.

शेवटी फसली तेराशे चौपन्नच्या दिवाळीत, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीस साली, अमीनसाहेब स्वतः आले. खात्याचे तालुक्याचे अधिकारी, वय पन्नाशीचं, हिशेबाला काटेकोर. त्यांनी नकाशा पसरला, साखळी टाकली, पाटलांच्या रानातून चौदा तास परत माळात घातले आणि वडारांकडून हद्दीवर साठ दगड रोवून घेतले. हुकूम हातभर उंचीच्या दगडांचा होता; लढाईची काटकसर म्हणून ते दीड वीत झाले. निमुळते, डोकं गोल, एका काखोटीला सहज मारता येईल असे. प्रत्येकावर डांबरानं उर्दू आकडा घातला, आणि उत्तरेश्वरनं दोनदा चुना दिला.

"चौकीदार," अमीनसाहेब जाताना म्हणाले, "दो महिने बाद जो अमावस आयेगी, उसके आठवे दिन मी मुआयन्याला येतो. साठ के साठ पत्थर आपल्या जागेवर दिसले, तर तुझी मुस्तकील होण्याची शिफारस माझ्या कलमानं. एक कमी दिसला, तर नवा चौकीदार."

मुस्तकील म्हणजे कायम. उत्तरेश्वरनं तो शब्द घरी येईपर्यंत तोंडात धरून ठेवला.

ज्या अमावस्येनंतर साहेब यायचे होते, ती वेळ अमावस्या होती, गावच्या बोलीत येळवस. साहेबांच्या तारखा हैदराबादेत ठरत असल्यामुळं त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि उत्तरेश्वरला ठाऊक असून त्यात काही वावगं दिसलं नाही.

येळवशीला या भागात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सारी माणसं रानात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, पुजतात, आणि आंबील, भज्जी, उंडे खाऊन दिवस मावळेपर्यंत आडवी होतात. पांडव मांडले की ते पुढच्या येळवशीपर्यंत रान राखतात. मधेच उठवले तर रास घटते. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, त्यामुळं ते सगळे पाळतात.

आदल्या दिवशी उत्तरेश्वर हप्त्याची खबर द्यायला कचेरीत गेला होता. परतला तो झोपला, आणि सकाळी आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन "ओलगे ओलगे" असा सणाचा पुकारा करत थेट आपल्या दोन एकरांत गेला. बायको सत्यभामा पुढं येऊन पूजा मांडून बसली होती. त्यानं कोपीत डोकं घातलं, नमस्कार केला आणि प्रसन्न झाला.

"औंदा पांडव लई झ्याक जमलेत गं. कुठून आणलेस?"

"मिळाले," सत्यभामा म्हणाली आणि त्याच्या पानात भज्जी वाढली.

"चुनासुदिक काय बसलाय! माझ्या हातासारखा."

"जेवा आधी."

तो जेवला. दुसऱ्यांदा भज्जी घेतली, तिसऱ्यांदा आंबील. हात धुऊन पुन्हा दर्शनाला वाकला, तेव्हा हळदकुंकवाच्या खाली त्याला काहीतरी काळं दिसलं. त्यानं अंगठ्यानं पुसलं. भीमाच्या पोटावर एकोणतीस आकडा होता.

धर्मराज अठ्ठावीस निघाले. अर्जुन तीस. नकुल-सहदेव जुळे असून एकतीस आणि बत्तीस.

"सत्यभामे, ही सरकारची हद्द हाय!"

"असंल. कालपातूर व्हती. आज देव हाय."

"आगं पर आणलेस कशी?"

"समद्यांनी आणली. त्या रुद्रम्मा अव्वाच्या सुना निघाल्या, मी बी निघाले. तुमीच चुना लावून रांगंत मांडून ठिवले व्हते. वरसाचा सण तोंडावर. आमाला वाटलं, सरकारनं गावाची सोय केली."

उत्तरेश्वर तसाच उठून माळावर गेला. हद्दीवर साठ खड्डे होते, साठही रिकामे. बारा घरांनी प्रत्येकी पाच नेले होते. हिशेब चोख होता, कुणीही सहावा उचलला नव्हता. माळखडकीची माणसं सरकारी मालाला गरजेपेक्षा जास्त हात लावत नसत.

मग तो रानोरान फिरला. सणाचा दिवस, त्यामुळं प्रत्येक कोपीत त्याला आधी वाटीभर आंबील प्यावी लागली. बंडप्पा धान्याचे व्यापारी, लेव्हीच्या ज्वारीनं आधीच वैतागलेले. त्यांनी कोपीकडं बोट दाखवलं.

"लेव्हीत सरकार आमची ज्वारी नेतंय बाबा. म्हटलं, बदल्यात पाच दगड आन् चुना दिला. तेवढं बी माघारी मागतंय का आता?"

"बंडप्पाण्णा, दगड हलवणं गुन्हा हाय. कलम हाय तसं."

"मग न्हे की उचलून. तू सरकारचा माणूस, तूच उचल. आमी न्हाय हात लावणार बसवलेल्या देवाला."

उत्तरेश्वर वाकला. दोन्ही हात दगडाच्या दोन बाजूंना नेले, आणि तसाच नमस्कार करून उभा राहिला. सगळीकडं हेच झालं. संध्याकाळपर्यंत त्यानं साठांपैकी एकही दगड हलवला नाही आणि अकरा वाट्या आंबील प्याला.

कलमाप्रमाणं मार्ग एकच होता. बारा घरांची नावं लिहून कचेरीत द्यायची. गुन्हे दाखल झाले असते, सरकारनं शिपाई पाठवून दगड परत रोवले असते, आणि दक्ष चौकीदार म्हणून उत्तरेश्वर मुस्तकील झाला असता. तो दुसऱ्या दिवशी मास्तरांकडं गेला आणि यादी लिहून घ्यायला बसला.

"पहिलं नाव?" मास्तरांनी विचारलं.

"सत्यभामा भर्तार उत्तरेश्वर."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "अहो, तुमची बायको ना?"

"खड्डा अठ्ठावीसपासून मोजला तर आमचंच घर पयलं येतं."

"मग दुसरीकडून मोजा."

"दुसरीकडनं मोजलं तर शेवटी येतं, मास्तर. यायचं ऱ्हात न्हाय."

यादी एका नावावर थांबली. चार दिवस तो जेवला नाही असं सत्यभामा पुढं सांगत असे. पण अकरा वाट्या आंबिलीनंतर ते कितपत यादीमुळं होतं हे सांगणं कठीण आहे. पाचव्या दिवशी तिनंच त्याला उठवलं.

"अव्वाकडं जावा. देवाधर्माचं त्यांना इचारतेत समदे. इथं पांघरूण घिऊन पडल्यानं कुणी कायम करतंय व्हय?"

रुद्रम्मा म्हणजे बंडप्पांची आई. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात चांदीचं लिंग, तोंडात अर्धी कानडी. गावातले जंगम स्वामीसुद्धा मुहूर्ताबाबत तिच्याशी वाद घालत नसत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या साहेबाला काय पायजे?"

"दगड खड्ड्यात दिसाय पायजेत, अव्वा. नाहीतर मी गेलो, आन् बारा घरं कज्ज्यात गेली."

"पांडव उठवायचे न्हाईत."

"व्हय."

"जेवायला बोलवायला काय हरकत हाय?"

उत्तरेश्वरनं मनात कलमं चाळली; जेवणाचं एकही नव्हतं.

"आरं, देव उठवू नये. पर देवाला पाव्हणचाराला न्हेऊ नये असं कुणी सांगितलं? वाजत न्यायचं. माळावर बशिवायचं. तिथं पुन्ना येळवस करायची. जेवल्यावर देवानंच म्हटलं, मला हितंच बरं वाटतंय, तर आपून कोण उठवणार?"

"आन् शेतातली राखण?"

"माळावरनं समदी रानं दिसतेत. शेतातनं एकच दिसतं."

अशा रीतीनं जो पेच सोडवायला जंगलात खात्याला शिपाई लागले असते, तो तीन वाक्यांत सुटला. अकरा घरं तयार झाली; एका सालात दोन येळवशी कुणाला नको होत्या? बारावं घर पाटलांचं. हिंमतरावांनी आपल्या बाजूचे पाच नेमके उचलले होते, आणि त्या बाजूची हद्द नाहीशी झाल्याचं दुःख ते धीरानं सोसत होते.

"आमचे पांडव आमच्या रानातच बरे," ते चावडीत म्हणाले. "आमी देवाला फिरवत न्हाय."

उत्तरेश्वरला वाद घालता येत नसे. त्याला फक्त कलमं येत.

"बरं तर, पाटील. पर तुमचे पांडव रानाच्या मधोमध बसलेत. हद्दीचा दगड जिथं, तिथं सरकारची हद्द. परवा अमीनसाहेब आले की निम्मं रान जंगलात जातंय. मग त्यात नांगर न्हाय, कुऱ्हाड न्हाय, जनावर न्हाय. ज्वारीचं काय, त्ये कलमात न्हाय, इचारून सांगतो."

रुद्रम्मा चावडीच्या पायरीशी उभी होती. "सांग की त्यांला," ती म्हणाली, "पाटलाच्या रानात आता वाघ बी सोडा म्हणावं."

हिंमतरावांनी आपले पाच पांडव दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खांद्यावरून आणले. सर्वांच्या आधी.

आठव्या दिवशी दुपारी अमीनसाहेब घोडीवरून माळाच्या टोकाशी आले आणि थांबले. हद्दीवर अर्ध्या कोसभर गाव बसलेलं होतं. साठही खड्ड्यांत दगड होते, दगडांवर हळदकुंकू, दर पाचांवर कडब्याची कोप, आणि कोपीसमोर पंगत. हलगी वाजत होती.

"ये क्या है चौकीदार?" साहेब म्हणाले. "हद है के उर्स?"

"हद्दच हाय, साहेब. साठ के साठ. मोजून घ्या."

"और ये झोपड्या? हद्दीवर झोपडी मना है. कलम आहे."

"झोपडी जमिनीवर मना हाय, साहेब. ही दगडावर हाय."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. कलमं पाठ असलेला माणूस त्यांना नोकरीत प्रथमच भेटत होता. त्यांनी घोडी बांधली, साखळी काढली आणि मोजायला सुरुवात केली. साखळी पंगतीतून जाई, लोक पत्रावळी उचलून वाट देत आणि पुन्हा बसत. हद्द बोटभरही चुकलेली नव्हती. पाटलांच्या बाजूनं तर ती नकाशाहून सरळ होती. साहेब खूष होत ओढ्यापर्यंत आले आणि वाकून दगडाचा आकडा बघितला.

"नकाशात इथं बारा आहे. हा एक्कावन्न."

पुढचा चार होता. त्याच्या पुढचा छत्तीस. खड्डे सगळे भरले होते, पण जो आधी आला त्यानं सोयीचा खड्डा धरला होता. हे उत्तरेश्वरच्या ध्यानात आलं नव्हतं. बाभळींना आकडे नसतात.

"हे बरोबर नाही," अमीनसाहेब म्हणाले. "नंबरवार पाहिजे. उचला आणि नीट लावा."

हलगी थांबली. साठ दगड आणि शंभरावर माणसं साहेबांकडं बघू लागली. रुद्रम्मा काठी टेकत पुढं आली.

"उचला की साहेब. तुमी सरकार हाव. ह्यो भीम हाय, ह्याच्यापासनं धरा."

साहेबांनी दगडाकडं बघितलं. मग गावाकडं. मग हातातल्या नकाशाकडं. तिघांत नकाशा सर्वांत हलका होता. त्यांनी दौत मागवली, कोपीच्या सावलीत मांडी घातली आणि नकाशावरचे साठ आकडे एकेक खोडून, दगडांवर होते तसे लिहून काढले. त्याला दोन तास लागले. तेवढ्या वेळात सत्यभामेनं त्यांच्यापुढं भज्जी ठेवली. साहेबांनी नको म्हणून बोट लावलं आणि मग पत्रावळ जवळ ओढली.

"शिफारस लिहितो," निघताना ते उत्तरेश्वरला म्हणाले. "लेकिन ये आंबील का पानी जरा बाटलीत भरून दे."

चैत्रात लखोटा आला. मास्तरांनी तो चावडीत वाचला. उत्तरेश्वर मुस्तकील झाला होता. हिंमतराव खांबाला टेकून बसले होते, ते म्हणाले, "वा, चौकीदारसाहेब!" उत्तरेश्वर अकरा वर्षांत पहिल्यांदा चावडीत वरच्या पायरीवर बसला.

"अजून आहे," मास्तर म्हणाले. "मुस्तकील चौकीदाराला स्वतःच्या गावी नेमता येत नाही, असा नियम आहे. तुमची बदली आदिलाबादकडं. सागवानाचं जंगल. पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर हुकूम रद्द."

हे कलम पुस्तकाच्या दुसऱ्या भागात होतं. दुसरा भाग माळखडकीला आलाच नव्हता.

सत्यभामेनं त्या रात्रीच पत्र्याची पेटी धुऊन उन्हात टाकायला काढली. ती जायला तयार होती. उत्तरेश्वर मात्र मास्तरांकडं पुन्हा गेला.

"तिकडं झाडं किती असतील, मास्तर?"

"सागाची? काय सांगावं! लाखांनी असतील. कोण मोजतंय?"

"मोजत न्हाईत?"

"इतकी कशी मोजणार?"

"मग एखादं गेलं तर कळतं कसं?"

"कळत नाही."

उत्तरेश्वर घरी आला आणि ओसरीवर बसला. दहा दिवस गेले. पेटी भरलेली होती, गाडी सांगितलेली होती.

"अकरा वर्सं ज्याची वाट बघितली त्यो कागद आला," सत्यभामा म्हणाली, "आन् तुमी बसून ऱ्हायलाव."

"बसलो न्हाय. मुदत मोजतुय."

सोळाव्या दिवशी तो मुस्तकीलही नव्हता आणि हंगामीही. हुकूम रद्द, जुनी जागा खाली. माळाला चौकीदार नाही, ही बातमी गावभर झाली. त्याच सकाळी हिंमतरावांनी नांगर धरला. चार बैलांचं औत रानातून सरळ हद्दीकडं निघालं. उत्तरेश्वर आता नोकरीत नव्हता, त्यामुळं त्याला हटकायचा हक्क नव्हता. तो बांधावर उभा राहून नुसता बघत होता. औत पांडवांपासून चार हातांवर आलं. पाटलांनी कोपीकडं बघितलं, कासरा ओढला, आणि बैल स्वतःच्या रानातच वळवले. वळायला जागा लागते म्हणून दोन तासांची पट्टी पडीक सोडली, आपल्या बाजूला. मग बांधावर उभ्या माणसाला बघून ओरडले, "तुझ्यासाठी न्हाय रं! अव्वाचं तोंड लई वंगाळ हाय."

पुढच्या महिन्यात अमीनसाहेबांनी माळखडकीसाठी जागा भरायला काढली. कायम माणूस बाहेरचा हवा, आणि बाहेरचा माणूस ते पुजलेले दगड आणि त्यांचे उलटसुलट आकडे बघून परत जात होता. तेव्हा स्थानिक, हद्दीची माहिती असलेला, हंगामी इसम शोधून कळवावा, असं पाटलांना लिहून आलं. पाटलांनी नाव कळवायला दोन दिवस लावले; एकच नाव होतं, पण लगेच कळवलं असतं तर पाटीलकीचा मान राहिला नसता.

नेमणुकीच्या पहिल्या दिवशी उत्तरेश्वरला राखीव माळात एक शेळी चरताना सापडली. शेळी ओळखीची होती. त्यानं ती कोंडवाड्यात घातली, कलम सांगितलं आणि घरी आला. सत्यभामेनं चूल पेटवली नव्हती. दूधच नाही तर चहा कशाचा, असं ती म्हणाली, आणि उत्तरेश्वरला हे म्हणणं नियमाला धरून वाटलं.